साळिंदर महाराजांचं टपाल तिकीट

एका जंगलात, मुलांनो, जागाच फार नव्हती.

जंगल होतं, पण लहानसं. डावीकडे हत्तींचं गजवन. उजवीकडे गेंड्यांचं मोठं रान. आणि मधे, दोघांच्या चिमटीत धरल्यासारखं, हे काटेवन. मधोमध एक ओढा. अलीकडच्या टोकाला कुणाला ठसका लागला, की पलीकडच्या टोकाहून कुणीतरी पाणी घेऊन निघायचं. अगदी लहान पायांच्या प्राण्यालाही या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा दिवस पुरायचा. सकाळी निघालं, की दुपारच्या जेवणाला पोचलं.

हा अर्धा दिवस लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

थांबा हं. वहीतली समासाची रेघ जरा तिरकी आली आहे. ती खोडून नीट आखते, मग पुढे सांगते. त्याशिवाय मला सुचत नाही.

आखली.

तर, या जंगलाचा राजा सिंह नव्हता. सिंह तिथे मावला नसता. राजा होता एक साळिंदर. आजोबा साळिंदर पहिले, वडील साळिंदर दुसरे आणि हे साळिंदर तिसरे. तिघंही स्वभावाने गरीब. कंदमुळं खावीत, बिळात पडून राहावं, आल्यागेल्याची विचारपूस करावी. त्यांनी कधी कुणाला खाल्लं नाही, कधी कुणाशी लढाई केली नाही. त्यामुळे इथे एक राज्य आहे हे शेजाऱ्यांना कळायला काही मार्गच नव्हता. हत्ती पाण्याला जाताना काटेवनातून आरपार जायचे. परवानगी विचारायचं त्यांच्या मनात यायचं नाही, कारण मधे एक राज्य लागून गेलं हेच त्यांना कळलेलं नसायचं.

महाराजांना याचं फार वाईट वाटे.

"आपण आहोत," ते दिवाणजींना म्हणत, "पण कुणाला पटत नाही."

दिवाणजी म्हणजे एक ऊदमांजर. त्यांचं जाणंयेणं मोठ्या जंगलांत असे. एके दिवशी ते गजवनातून एक पाकीट घेऊन आले. पाकिटाच्या कोपऱ्यात इवलासा चौकोनी कागद चिकटवलेला होता आणि त्यावर हत्ती महाराजांचं तोंड छापलेलं होतं.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"टपाल तिकीट. हे लावलं की पत्र जातं."

"आणि एवढ्याशा कागदात हत्ती बसले?"

"बसवले, महाराज."

महाराजांनी ते तिकीट बराच वेळ न्याहाळलं. मग हळूच म्हणाले, "हत्ती मावतो, तर मी मावेनच."

लगेच सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं. लाकडाच्या ठोकळ्यावर महाराजांचं चित्र कोरायचं आणि त्यावरून तिकिटं छापायची, असं ठरलं. पण तोंड कुठल्या बाजूला करायचं? डावीकडे केलं, तर महाराज हत्तींकडे आशेनं बघताहेत असं दिसे. उजवीकडे केलं, तर हत्तींकडे पाठ होई. आणि साळिंदरानं पाठ करणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. चिडलेला साळिंदर काटे उभारतो आणि पाठमोरा धावून येतो. तिकिटावर पाठ म्हणजे युद्ध पुकारल्यासारखंच झालं असतं. दरबारात दोन दिवस खल झाला. शेवटी महाराज सरळ समोर बघतील असं ठरलं. समोरून साळिंदर काही फार राजबिंडा दिसत नाही. नाकच तेवढं दिसतं. पण युद्धापेक्षा नाक बरं.

तिकिटं एकमेकांपासून नीट सुटावीत म्हणून मधे बारीक भोकं पाडायची होती. ती महाराजांच्याच गळून पडलेल्या काट्यांनी पाडली. मागे बाभळीचा डिंक लावला. तिकीट खरोखर सुंदर झालं. महाराज ते रोज उशाशी घेऊन झोपू लागले.

आता तिकीट होतं, पण पत्र लिहिणारं कुणी नव्हतं.

कारण काटेवनात निरोप सातभाई पोचवायचे. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे पक्षी, सदा टोळीनं हिंडणारे. निरोप एक आणि सांगणारे सात. पहिल्यानं म्हणायचं, "तुमच्या सासूबाई पडल्या." दुसऱ्यानं म्हणायचं, "पडल्या नाहीत, बसल्या." तिसरा म्हणायचा, "बसल्या, पण जोरात." सातव्यापर्यंत येईतो सासूबाई उठून कामाला लागलेल्या असायच्या. पण निरोप पोचायचा, आणि तोही घटकाभरात.

दिवाणजींनी हुकूम काढला. तोंडी निरोपावर तिकीट चिकटवायला जागा नाही. सबब तोंडी निरोप बंद. यापुढे जे सांगायचं ते लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून टपालघरात द्यायचं. तिथे शिक्का बसला की सातभाई ते पोचवतील. पण मुकाट्यानं. निरोपातला एक शब्द जरी तोंडून गेला, तरी सातही जणांना हद्दपार केलं जाईल.

सातभाई गप्प झाले. काटेवनात इतकी शांतता पहिल्यांदाच झाली. सगळ्यांना वाटलं, राज्य सुधारलं.

टपालघर जांभळाच्या ढोलीत निघालं आणि तिथे नेमणूक झाली चिचुंद्रीकाकूंची.

या काकूंबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. माझा त्यांच्यावर जीव आहे. वय मध्यम. शिक्षण बेताचं, पण अक्षर वळणदार. दृष्टी अधू, त्यामुळे कुठलंही काम अगदी नाक टेकवून करायच्या. अंगाला चिचुंद्रीचा असतो तो वास. तो त्यांना ठाऊक होता. म्हणून त्या कायम थोड्या लांब उभ्या राहून बोलत आणि त्याबद्दलही माफी मागत. दिलेलं काम मनापासून करायचं, एवढीच त्यांची हौस. काम कशासाठी दिलं आहे हे विचारणं त्यांना आगाऊपणाचं वाटे.

त्यांना एकच मुलगी होती. वासाचा प्रश्न निदान नावापुरता सुटावा म्हणून तिचं नाव त्यांनी बकुळा ठेवलं होतं. बकुळेचं लग्न होऊन ती ओढ्यापलीकडे, अगदी त्या टोकाला नांदायला गेली होती. जाताना सांगून गेली होती, "आई, पहिलं बाळंतपण तुझ्याकडे. दिवस भरत आले की कळवीन. तू मला न्यायला ये. एकटीनं ओढा ओलांडायची मला भीती वाटते."

"तू कळव फक्त," काकू म्हणाल्या होत्या. "मी निघालेच समज."

तेव्हा सातभाई बोलत होते. त्यानंतर हुकूम निघाला. काकूंना वाटलं, बरंच झालं. सातभाईंचा काय भरवसा? आता लेकीचं पत्रच येईल, तेही आपल्याच टपालघरात. दिवसातून दोनदा त्या ढोलीच्या तोंडाशी येऊन ओढ्याकडे बघून जात.

पहिल्या दिवशी टपालघरात वीस पत्रं आली. काकूंनी शाईत शिक्का बुडवून प्रत्येक तिकिटावर ठप्पकन उमटवला. शिक्का मारायचाच असतो, नाहीतर तेच तिकीट सोडवून लोक पुन्हा लावतात. संध्याकाळी महाराज कौतुकानं टपाल बघायला आले. बघतात तर वीस पाकिटं आणि विसांवर त्यांचं तोंड काळं.

महाराजांनी पाकिटं खाली ठेवली. बिळात गेले आणि तीन दिवस बाहेर आले नाहीत.

चौथ्या दिवशी दिवाणजी नवा शिक्का घेऊन आले. तो महिरपीच्या आकाराचा होता. भोवती वेलबुट्टी आणि मधे मोकळी जागा. मखरात देव बसतो तसे महाराज मधे बसणार आणि शाई फक्त कडेनं लागणार.

"काकू, नीट ऐका," दिवाणजी म्हणाले. "महाराजांच्या चेहऱ्याला शाईचा ठिपकासुद्धा लागता कामा नये. लागला तर ते पत्र बाटलं. ते उघडायचं नाही, पोचवायचं नाही. तसंच राजवाड्यात जमा करायचं आणि ज्यानं लिहिलं त्याला पुन्हा लिहायला सांगायचं."

"सांगायचं कसं? तोंडी निरोप बंद आहे."

"पत्र पाठवून."

"आणि त्या पत्रावर..."

"अर्थात, तिकीट आणि शिक्का."

काकूंनी ते सगळं वहीत उतरून घेतलं.

तिकीट नखाएवढं. महिरपीतली मोकळी जागा महाराजांच्या तोंडापेक्षा केसभरच मोठी. काकू हात धुवायच्या, शाई पुसायच्या, पुन्हा लावायच्या, श्वास रोखायच्या, नाक तिकिटाला टेकवायच्या आणि शिक्का असा अलगद ठेवायच्या, जशी झोपलेल्या बाळावर दुलई घालावी. एका शिक्क्याला एक प्रहर लागे. दिवसाला चार पत्रं होत. रोज येत वीस.

ढीग वाढू लागला. पण काय सांगू, शिक्के काय देखणे उमटत होते. वीस झाले, महाराजांच्या मिशीलासुद्धा धक्का नाही. महाराज येऊन एकेक पाकीट उजेडात धरून बघत आणि म्हणत, "काकू, तुमच्या हाताला तोड नाही." काकूंच्या कानांच्या पाळ्या लाल होत. असं त्यांना आधी कुणी म्हटलं नव्हतं. मला विचाराल तर इथेच सगळं बिघडलं. पण मला कोण विचारतं, आणि मीही त्या जागी असते तर लालच झाले असते.

लोक चौकशीला येत.

ससोबा आला. "काकू, माझं पत्र निघालं का? मेहुण्याला कळवलं होतं, तिकडे वणवा लागलाय, इकडे निघून ये म्हणून."

"कधी टाकलंत?"

"पौर्णिमेला."

"मग अजून पाळी नाही आली तुमची. पण काळजी करू नका, मी अगदी स्वच्छ शिक्का मारीन."

"वणवा विझला, काकू."

"मग आता घाई नाही," काकू प्रेमानं म्हणाल्या.

मेहुणा कसाबसा निभावला होता, पण तो आता ससोबाशी बोलत नव्हता.

गजवनातून एक बगळा येऊ लागला. त्याला तिकिटं जमवायचा नाद होता. बगलेत जाडजूड अल्बम. एका पायावर उभा राहून तो काकूंचं काम बघत बसे. एकदा काकूंनी धीर करून विचारलं, "कसे वाटतात आमचे शिक्के?"

"उत्तम. एकासारखा एक."

"मग अल्बमात लावणार ना?"

"एक लावलाय. दुसरा कशाला? तो पहिल्यासारखाच आहे."

काकूंना जरा लागलं. पण त्यांनी मनाशी म्हटलं, याहूनही नीट मारायला हवा.

असं चाललं असताना एका सकाळी सातभाई पलीकडच्या टोकाचं टपाल घेऊन आले, ढिगावर टाकलं आणि गेलेच नाहीत. समोरच्या फांदीवर सातही जण ओळीनं बसून काकूंकडे टक लावून बघत राहिले. थोरल्यानं चोच उघडली आणि मिटली. धाकट्यानं पंख झटकले.

"काय रे, काही म्हणायचंय का?" काकूंनी विचारलं.

सातही माना हलल्या. काही होकारार्थी, काही नकारार्थी.

"शहाणे झालात हो," काकू म्हणाल्या. "पूर्वी किती कलकलाट करायचात." आणि त्यांनी पुढचं पाकीट घेतलं.

इतक्यात त्यांना वास आला.

मुलांनो, चिचुंद्रीचा वास जगात कुणालाच आवडत नाही, पण तिच्या आईला तो आवडतो. काकूंनी नाक वर केलं. ढिगात, अगदी वरच्या थरात, बकुळा होती. म्हणजे बकुळेचं पत्र होतं.

काकू उठल्या. हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

कारण पत्रं आल्या क्रमानं घ्यायची होती, खालून वर. बकुळेच्या पत्राच्या आधी ऐंशी पत्रं होती. आपल्या लेकीचं म्हणून वरचं आधी काढलं, तर ससोबाला काय तोंड दाखवायचं? आणि शिक्का बसल्याशिवाय पत्र पत्रच नव्हतं. ते ज्या घरी जायचं त्याच घरात आलं होतं. फक्त पोचलं नव्हतं.

दुसरा एक मार्ग होता. ढोलीला दगड लावायचा आणि सरळ चालू लागायचं. अर्धा दिवस. पण पत्र यायच्या आधीच जाऊन उभं राहायचं, हे काकूंना बरं वाटेना. लेकीनं एवढं लिहिलंय, ते वाचायला तर हवं. शिवाय त्यांनी स्वतःची समजूत घातली, की पत्र काही त्याबद्दल नसेलच. अजून दिवस असतील. लोणच्याला मोहरी किती घालायची ते विचारलं असेल. ती नेहमी विसरते.

"ऐंशी म्हणजे वीस दिवस," त्या स्वतःशी म्हणाल्या. "हात जरा उचलला तर पंधरा."

हात उचलला, तर तो थरथरायला लागला. थरथर थांबेपर्यंत वाट बघावी लागे. चाराची तीन पत्रं होऊ लागली. सातभाई रोज येत, फांदीवर बसत आणि बघत. त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. काकूंना वाटे, शाईच्या वासानं झोंबत असेल.

सत्ताविसाव्या दिवशी बकुळेचं पत्र हातात आलं.

वर तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, "तीर्थरूप आईस, टपालघर, जांभळाखाली." कोपऱ्यात महाराज समोर बघत होते. काकूंनी हात धुतले. शाई पुसली, पुन्हा लावली. श्वास रोखला. नाक टेकवलं. आणि नाक टेकवल्याबरोबर इतक्या जवळून लेकीचा वास आला, की हात हलला.

महाराजांच्या नाकाच्या शेंड्यावर शाईचा एक गोल, काळाभोर ठिपका पडला.

काकूंनी शिक्का खाली ठेवला. शंभर शिक्के निर्मळ उमटले होते आणि हा एकशे एकावा.

टपालघरात दुसरं कुणी नव्हतं. पाकीट उघडून वाचलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तुम्ही म्हणाल, मग वाचलं असेल. नाही वाचलं. काकूंनी त्यावर पातळ कागद गुंडाळला, पदराखाली धरलं आणि राजवाड्यात नेऊन जमा केलं. वाटेत त्या रडल्या, पण पाकिटावर पाणी पडू दिलं नाही.

"महाराज, माझ्या हातून चूक झाली," त्या म्हणाल्या. "हे बाटलं. माझ्या लेकीचं आहे. पण नियम तो नियम."

महाराजांनी पाकीट उजेडात धरलं. त्यांचा चेहरा पडला. दिवाणजींनी शिक्षेची वही काढली. तेवढ्यात मागून लांब मान पुढे आली. दरबारात बगळा बसला होता.

"जरा बघू," तो म्हणाला. मग तो दुसराही पाय जमिनीवर टेकून उभा राहिला. बगळ्याला दोन पायांवर उभं राहिलेलं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं.

"असा ठिपका दुसऱ्या कुठल्या पत्रावर आहे?"

"एकाही नाही," काकू मान खाली घालून म्हणाल्या. "शपथेवर सांगते."

"म्हणजे जगात हे एकच. महाराज, हे मला द्या. पाकिटासकट हवं, आणि न उघडलेलं. उघडलं की मोल गेलं. मी अल्बमाच्या पहिल्या पानावर लावतो. हत्ती महाराजांच्या वर."

"वर?" महाराज म्हणाले.

"वर."

महाराजांनी शिक्षेची वही मिटायला लावली.

पुढच्या आठवड्यात गजवनातून हत्ती आले. काटेवनाच्या शिवेवर येऊन थांबले आणि त्यांनी चक्क विचारलं, "ठिपक्याचं तिकीट निघालं ते राज्य हेच का? आम्ही आत येऊ का?" महाराज तीन वेळा "या" म्हणाले. त्यांना ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या राज्याला शीव आहे हे कुणाला तरी दिसलं होतं. संध्याकाळपर्यंत नाकावरचा ठिपका ही मुळात त्यांचीच कल्पना होती, असं त्यांना आठवू लागलं. दिवाणजींनी हुकूम काढला, की यापुढे प्रत्येक तिकिटावर नाकाच्या बरोबर शेंड्यावर एक ठिपका पडलाच पाहिजे.

आणि चिचुंद्रीकाकूंचा सत्कार ठरला.

मोठ्या खडकावर सभा भरली. पत्र अल्बमात, अल्बम उंचवट्यावर, मागे हत्ती. दिवाणजी भाषणात म्हणाले, की या एका पत्रानं काटेवनाचं नाव दिगंतात नेलं. महाराजांनी काकूंना नारळ दिला आणि शाल घातली. नारळ काकूंपेक्षा मोठा होता. शाल इतकी मोठी होती, की काकू तिच्याखाली दिसेनाशाच झाल्या. टाळ्या वाजत होत्या, त्यांना आतून ऐकू येत होत्या.

मग वास आला.

त्यांनी शालीतून नाक बाहेर काढलं. गर्दी बाजूला होत होती. गर्दीतून बकुळा येत होती. वाळलेली, पायांना चिखल. तिची शेपटी तोंडात धरून एक पिल्लू, त्याची शेपटी धरून दुसरं, त्याची धरून तिसरं, तिसऱ्याची धरून चौथं. चिचुंद्रीची पिल्लं आईमागून अशीच चालतात. ओढा त्यांनी तसाच ओलांडला होता.

फांदीवरून सातभाई एकदम फुटले. "काकू, बकुळा." "बकुळा नाही, बाळंत झालेली बकुळा." "झाली ती कधीच." "एकटीच होती." "आम्ही सांगणार होतो." "सांगता येत नव्हतं." "आता करा हद्दपार."

कुणीच त्यांना हद्दपार केलं नाही. हत्तींसमोर बरं दिसलं नसतं.

बकुळा खडकापाशी आली.

"आई, माझं पत्र मिळालं का?"

"मिळालं ना," काकू म्हणाल्या. "फार गाजलं."

"वाचलंस?"

काकूंनी उंचवट्याकडे बघितलं. "ते उघडलेलं नाही, बाळ. उघडायचं नसतं ते. हत्ती बघायला आलेत."

बकुळेनं हत्तींकडे बघितलं. मग अल्बमाकडे. मग शालीकडे.

"अर्ध्या दिवसाची वाट होती, आई," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दिवाणजी खाकरले. "बाई, ते पत्र आता परत मागता येणार नाही हं."

"मला नको ते. मला माहीत आहे त्यात काय आहे."

काकूंनी शाल अंगावरून उतरवली, नीट चौघडी केली, कडेला कड जुळवली आणि खाली ठेवली. मग अगदी हळू विचारलं, "काय लिहिलं होतंस ग?"

"दिवस भरले, ये. एवढंच."

"लोणच्याचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

चौथं पिल्लू तेवढ्यात तिसऱ्याची शेपटी सोडून नारळाचा वास घेत होतं. बकुळा वळली आणि चालू लागली. मागून एक, दोन, तीन. चौथं एकटंच राहिलं आणि चिरकू लागलं. काकूंनी त्याला उचलून तिसऱ्याच्या मागे लावलं, शेपटी त्याच्या तोंडात दिली. मग जराशा थांबल्या. जांभळाकडे वळून बघितलं. ढोलीत साडेसहाशे पत्रं होती आणि शाईची बाटली उघडी राहिली होती.

बाटली तशीच राहू दिली. त्यांनी खाली वाकून चौथ्याची शेपटी अलगद तोंडात धरली आणि रांगेच्या शेवटी चालू लागल्या. बकुळेनं मागे वळून पाहिलं नाही. पण ओढा आला तेव्हा तिनं पाऊल जरा लहान केलं.

आज ते काटेवन नाही. साळिंदर चौथ्यांच्या काळात ते गजवनात सामील झालं, आणि शीव कुठे होती ते आता हत्तींनाही सांगता येत नाही. टपालघराच्या ढोलीत घुबड राहतं. पण अल्बम आहे. त्याच्या पहिल्या पानावर ते पाकीट आहे, नाकावर ठिपका असलेलं, अजून न उघडलेलं. लांबलांबून लोक येतात, भिंग लावून ठिपका बघतात आणि समाधानानं घरी जातात.

तर मुलांनो, अशी ही गोष्ट. जरा उशीर झाला, त्याबद्दल रागावू नका. तुम्ही दुसरीत होतात तेव्हा ही मागितली होती. मी तेव्हाच लिहिली होती, पण तिसऱ्या पानावर शाई सांडली, मग सगळी पुन्हा स्वच्छ उतरून काढली. मग समास सारखे येईनात. आता तुमच्यातल्या दोघातिघांना स्वतःचीच मुलं आहेत असं कळतं. हरकत नाही, त्यांना वाचून दाखवा. अक्षर बघा मात्र. एकही खाडाखोड नाही.

तात्पर्य: आलेलं पत्र कधी उघडू नये. उघडलं की त्याचं मोल जातं. शिवाय आत काहीतरी लिहिलेलं निघतं आणि मग उठून जावं लागतं.